पुरात सोडलेले जनावर घरी परत यावे म्हणून

गोदावरी व पूर्णा या नद्यांच्या काठी शेती करणाऱ्यास पूर हा नवा नाही. कंठेश्वरजवळ पूर्णा गोदावरीस मिळते. जायकवाडीतून गोदावरीत आणि येलदरी व सिद्धेश्वर या धरणांतून पूर्णेत एकाच सुमारास पाणी सोडावे लागले, म्हणजे आमच्या चुडावा परिसरातील ओढ्यानाल्यांचे पाणी नदीत उतरण्याऐवजी मागे फिरून शिवारात पसरू लागते. १ व २ सप्टेंबर २०२४ रोजी परभणी, हिंगोली व नांदेड जिल्ह्यांत जी अतिवृष्टी झाली, ती ऐन खांदेमळणीच्या व पोळ्याच्या दिवशी झाली. ज्या बैलांच्या अंगावर झूल चढावयाची, त्यांना कित्येक ठिकाणी रातोरात उंचावर न्यावे लागले.

पुरातून जनावर वाचविण्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. वाचलेले जनावर मूळ धन्याच्या दावणीस परत कसे यावे, याचा विचार मात्र फारसा होत नाही. वास्तविक हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. म्हैस उत्तम पोहते. गायबैलही प्रवाह फार जोराचा नसल्यास पोहून काठ गाठतात. खुंट्याशी जखडलेल्या जनावरास मात्र मान वर काढता येते तेवढाच वेळ मिळतो. हे प्रत्येक शेतकरी जाणतो. तरीही पाणी गोठ्यात शिरेपर्यंत दावे सोडण्यास त्याचा हात धजत नाही, कारण रात्रीच्या अंधारात सुटलेली बैलजोडी पुन्हा दृष्टीस पडेल याची त्याला खात्री वाटत नाही. ही भीती अनाठायी आहे असे म्हणता येणार नाही. ती दूर करावयाची असेल, तर जनावराची ओळख त्याच्या अंगावरच असली पाहिजे व तिची व्यवस्था पावसाळ्यापूर्वीच झाली पाहिजे.

आमच्या भागातील लाल कंधारी जनावराचेच उदाहरण घ्या. सर्वांगाने गडद तांबडे असलेले हे देखणे जनावर धन्याला शंभरांत ओळखू येते, पण परक्या गावच्या माणसाला एक लाल कंधारी बैल दुसऱ्यासारखाच दिसतो. देवणीचे तसे नाही. पांढऱ्या अंगाचा व काळ्या तोंडाचा वानेरा, किंवा अंगभर काळे ठिपके असलेला शेवरा, यांची खूण कागदावर उतरविता येते. लाल कंधारीच्या बाबतीत शिंगांचा घेर, वशिंड, शेपटीचा गोंडा, जुनी जखम किंवा डाग यांवरच भिस्त ठेवावी लागते.

एका गावी पूर ओसरल्यावर असाच एक तांबडा बैल पाराजवळ बांधलेला मी पाहिला. दोन गावचे दोन शेतकरी त्याच्यावर हक्क सांगत होते, आणि दोघेही खोटे बोलत असावेत असे वाटत नव्हते. बैलाच्या कानात बिल्ला नव्हता. शेवटी एकाने घरी राहिलेला जोडीचा बैल आणून शेजारी उभा केला. आलेला बैल आपण होऊन त्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला व मान खाली घालून जू घेण्याच्या बेतात थांबला. तेथे वाद मिटला. दुसरा शेतकरी काही न बोलता निघून गेला. त्याचा बैल पुढे सापडला की नाही, हे मला कळले नाही. असा पुरावा बैलजोडीचाच मिळू शकतो. एकट्या गाईला किंवा शेळीला साक्ष द्यावयास जोडीदार कोठून आणावा?

यावर आज उपलब्ध असलेला सर्वांत सोपा उपाय म्हणजे कानातील पिवळा बिल्ला होय. सप्टेंबर २०१९ मध्ये राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यापासून लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाबरोबर जनावरांना बारा अंकी क्रमांकाचे बिल्ले मारले जात आहेत. या क्रमांकाची नोंद ‘भारत पशुधन’ या संगणकीय प्रणालीत असते, व पशुवैद्यकीय दवाखान्यात तो क्रमांक सांगितला असता धन्याचे नाव व गाव निघते. कित्येक शेतकरी जनावराचा कान दुखतो म्हणून बिल्ला टाळतात. नीट मारलेल्या बिल्ल्याची जखम थोड्याच दिवसांत भरून येते, त्यासाठी एवढा लाभ सोडू नये.

परंतु येथे एक अडचण हटकून उद्भवते, ती सांगणे अवश्य आहे. बाजारातून विकत घेतलेल्या जनावराचा बिल्ला पूर्वीच्या धन्याच्या नावेच राहतो. खरेदीची पावती आपण जपून ठेवतो, पण दवाखान्यात जाऊन नोंद बदलून घेत नाही. मग पुरानंतर क्रमांक पाहिला, की नाव निघते ते विकणाऱ्याचे! म्हणून खरेदीनंतर आठवड्याच्या आत नोंद आपल्या नावे करून घ्यावी. कान फाटून बिल्ला गळला असल्यास नवा मारून घ्यावा. क्रमांक घराच्या चौकटीवर लिहून ठेवावा व मोबाईलमध्येही ठेवावा. जनावराची समोरून व दोन्ही बाजूंनी छायाचित्रे काढून ती परगावच्या एखाद्या नातलगाकडे पाठवून द्यावी. पुरात मोबाईलही भिजतो. पोळ्याला शिंगे रंगविताना प्रत्येक घराने आपला ठराविक रंग ठेवला, तर पावसाळ्याच्या उत्तरार्धात तीही एक खूण होते. ही सूचना कोणत्याही परिपत्रकात नाही, माझी स्वतःची आहे.

दावे खुंट्याला निरगाठीने न बांधता सुरगाठीने बांधावे, म्हणजे ओल्या दोरालाही एक हिसका पुरतो. जनावर सोडताना कासरा व गळ्यातील दावे काढूनच सोडावे. लोंबता दोर बाभळीच्या फांदीत अडकला तर सोडण्याचा हेतूच फसतो. उंच जागा पाहून जनावरे पूर्णा-नांदेड लोहमार्गाच्या भरावावर हाकण्याचा मोह होतो. तेथे गाडीचा धोका असल्यामुळे तसे करू नये. गावठाणाचा चढ किंवा माळ आधीच ठरवून ठेवावा.

कुत्र्याची गोष्ट थोडी निराळी आहे. आखाड्यावरील कुत्रे माणसे गेली तरी जागा सोडत नाही. त्याला दोरी लावून बरोबरच न्यावे व गळपट्ट्यावर आपला मोबाईल क्रमांक न पुसणाऱ्या शाईने लिहावा. ही केवळ भूतदयेची बाब नव्हे. अमेरिकेत ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळाच्या वेळी कुत्री-मांजरे मागे ठेवावी लागतील म्हणून अनेकांनी घर सोडण्याचे नाकारले व ते संकटात सापडले. पुढील वर्षी तेथे कायदा होऊन लोकांना हलविण्याच्या योजनेत पाळीव प्राण्यांचाही समावेश करणे आवश्यक ठरले. आपल्याकडे ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील महापुरात हेच दिसले. गोठ्यातील जनावरे सोडून नावेत बसण्यास अनेक कुटुंबे तयार होईनात.

आता ज्याच्या दारी परके जनावर येऊन उभे राहते, त्याने काय करावे? प्रथम त्याला स्वच्छ पाणी व थोडा कोरडा चारा द्यावा. आपल्या जनावरांत मात्र लगेच मिसळू नये, कारण घटसर्प, लाळ्या-खुरकूत किंवा लम्पी यांची बाधा असू शकते. बिल्ल्याचा क्रमांक दवाखान्यास किंवा १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर कळवावा आणि ग्रामपंचायतीस वर्दी द्यावी. कोंडवाड्याची रीत येथे उपयोगी पडते. गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या १८७१ च्या कायद्यात बेवारशी जनावराचे वर्णन व ते सापडल्याची जागा नोटिशीने लावावी आणि जवळच्या गावी व बाजारात दवंडी द्यावी, असे सांगितले आहे. मुदतीत धनी न आल्यास लिलावाचीही तरतूद त्यात आहे. म्हणून ज्याचे जनावर हरवले आहे त्याने घरी वाट पाहत न बसता, प्रवाहाच्या खालच्या गावांचे कोंडवाडे पहिल्या आठवड्यातच पाहून यावेत.

मृत जनावर वाहून आलेले आढळल्यास पुरण्यापूर्वी त्याच्या कानातील क्रमांक टिपून छायाचित्र घ्यावे. २०२२ मध्ये ठरलेल्या आपत्ती निवारण निकषांनुसार दुभत्या गाई-म्हशीस ३७,५०० रुपये, बैलास ३२,००० रुपये व शेळी-मेंढीस ४,००० रुपये असे साहाय्य धरलेले होते. ते मिळण्यासाठी पंचनामा व पशुवैद्यकाचा दाखला लागतो, आणि प्रेतच न सापडल्यास प्रकरण रखडते. कोणा अनोळखी गावकऱ्याने टिपलेले बारा आकडे अशा वेळी त्या कुटुंबाला नवी गाय घेण्यास उपयोगी पडतात.

बिल्ला मारणे व नाव बदलून घेणे ही दोन्ही कामे मृगापूर्वी उरकावीत. घटसर्प व फऱ्या यांच्या लशी त्याच सुमारास टोचल्या जातात, तेव्हा जनावर एकदाच दवाखान्यात आणले तरी पुरे.