मुंबई ते लंडन : मुक्कामांचा मागोवा

मुंबई आणि लंडन यांमधील अंतर पृथ्वीच्या गोलावरून थेट मोजले तर सुमारे 7,200 किलोमीटर भरते, आणि गेल्या दोन शतकांत ते तसूभरही घटलेले नाही. घटले ते वाटेतले मुक्काम, आणि म्हणूनच या प्रवासाचा इतिहास वेगाच्या वृद्धीइतकाच या मुक्कामांच्या लोपाचाही आहे, असे मला वाटत आले आहे.

20 मार्च 1830 रोजी मुंबईच्याच गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट टपाल घेऊन सुएझकडे रवाना झाली, तेव्हा जेमतेम साडेपाच दिवसांच्या कोळशाची सोय असलेल्या त्या बोटीवर एडनपर्यंतचा अकरा दिवसांचा कोळसा लादणे भाग पडले, आणि कोठारात न मावलेला कोळसा माणसांच्या राहण्याच्या खोल्यांतही रचण्यात आला. एडनचा किनारा लागला तेव्हा सहा तास पुरेल एवढाच तो उरला होता. सुएझ गाठण्यास तिला 33 दिवस लागले खरे, परंतु प्रत्यक्ष मार्गक्रमणाचे दिवस त्यांत अवघे 21. बाकीचे बंदरोबंदरी खर्ची पडले. 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर हा प्रवास पुष्कळच आटोक्यात आला. 29 ऑगस्ट 1931 रोजी ‘राजपुताना’ बोटीने मुंबई सोडलेले गांधीजी मार्सेलला उतरून पुढे आगगाडीने निघाले आणि 12 सप्टेंबरला लंडनमध्ये होते.

8 जून 1948 च्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे चार पंख्यांचे विमान 35 उतारूंना घेऊन उडाले, आणि कैरो व जिनिव्हा असे दोन मुक्काम करून 10 जूनला लंडनला पोहोचले. पंधरवड्याचा प्रवास दोन दिवसांवर आला, याचा आनंद त्या काळी किती झाला असेल! परंतु यांतल्या जिनिव्हाच्या मुक्कामाची आठवण मनाला चटका लावणारी आहे. 3 नोव्हेंबर 1950 रोजी हेच विमान जिनिव्हाकडे उतरत असता माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि 48 जीव गेले. 24 जानेवारी 1966 रोजी ‘कांचनजंगा’ हे जेट विमानही त्याच मुक्कामाकडे येत असता त्याच पर्वतावर नष्ट झाले, आणि त्यातील 117 जणांत डॉ. होमी भाभा होते.

आज थेट विमान सुमारे दहा तासांत लंडनला उतरते. परतीला पश्चिमेचा वारा पाठीशी असल्याने वेळ थोडा कमीच लागतो. त्या पर्वतावरून खाली सरकणारी बोसाँ हिमनदी मात्र आपल्या पोटातले जिन्नस आपल्याच गतीने बाहेर टाकीत असते. 2012 मध्ये तिने ‘कांचनजंगा’तील सरकारी टपालाची एक थैली परत केली, आणि 2020 मध्ये त्याच विमानातली काही वर्तमानपत्रे, ज्यांच्यावर इंदिरा गांधींच्या निवडीचे ठळक मथळे अजून वाचता येत होते.