पीसी जोडताना काटकसर कुठे करू नये

स्वतः पीसी जोडायचा म्हटले की आधी प्रोसेसर ठरतो, मग ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी. एसएमपीएसची पाळी सर्वांत शेवटी येते आणि तोवर बजेट संपत आलेले असते. मग कॅबिनेटसोबत आलेला किंवा दुकानदाराने ‘चालतो हो’ म्हणत पुढे केलेला एसएमपीएस बसवला जातो. साऱ्या यादीतली ही सर्वांत महागात पडणारी बचत.

घरातल्या 230 व्होल्ट एसी विजेचे 12, 5 आणि 3.3 व्होल्टच्या डीसी विजेत रूपांतर करणे हे एसएमपीएसचे काम. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची भूक मुख्यतः 12 व्होल्टवरच भागते. म्हणून खोक्यावरचा ठळक आकडा बाजूला ठेवून आतल्या लेबलावर 12 व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे. वर ‘450’ छापलेले आणि 12 व्होल्टपुढे 18 अँपिअर असतील, तर गुणाकार 216 वॉटच होतो. चांगल्या 550 वॉटच्या एसएमपीएसवर हाच आकडा 45 अँपिअरच्या आसपास, म्हणजे 540 वॉट भरतो. लेबलावर हा तपशीलच नसेल तर तो एसएमपीएस दुकानातच राहू द्यावा.

एटीएक्स मानकानुसार 12 व्होल्टची वीज साधारण 11.4 ते 12.6 च्या मर्यादेत राहायला हवी. हलक्या एसएमपीएसवर भार वाढला की ती खाली घसरते. इंटरनेट, टायपिंग सगळे सुरळीत चालते. गेम सुरू केला किंवा व्हिडिओ रेंडर करायला लावला की पीसी रिस्टार्ट होतो. मग रॅम बदलून पाहिली जाते, विंडोज पुन्हा टाकले जाते, आणि खरा गुन्हेगार कॅबिनेटच्या कोपऱ्यात नामानिराळा राहतो.

2004 साली सुरू झालेले ‘80 प्लस’ हे प्रमाणपत्र उपयोगी आहे, पण ते फक्त कार्यक्षमतेचे आहे. 20, 50 आणि 100 टक्के भारावर किमान 80 टक्के कार्यक्षमता, एवढेच साधे 80 प्लस सांगते. ब्राँझ, गोल्ड या त्यावरच्या पायऱ्या. शॉर्ट सर्किट किंवा जादा व्होल्टेजपासून संरक्षण आहे का, आतले कपॅसिटर कसे आहेत, हे त्यावरून कळत नाही. शिवाय ही चाचणी साधारण 23 अंश तापमानात होते. विदर्भातल्या मे महिन्यात कॅबिनेटच्या आत काय तापमान असेल, ते वेगळे सांगायला नको. कपॅसिटरचे तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते. म्हणून 105 अंशांचे कपॅसिटर आणि निदान पाच वर्षांची वॉरंटी बघून घ्यावी.

उलट, हजार वॉटचा एसएमपीएस घेणे ही नुसती हौस. आरटीएक्स 4060 हे कार्ड 115 वॉटचे. त्यासाठी एनव्हिडिया 550 वॉटचा एसएमपीएस सुचवते, आणि मध्यम प्रोसेसर धरूनही तो पुरून उरतो. अर्थिंग मात्र नीट हवे. कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या येत असतील, तर बहुधा दोष पीसीचा नसून सॉकेटच्या अर्थिंगचा असतो.

मदरबोर्डाचा प्रश्नही विजेचाच. प्रोसेसरभोवतीचा व्हीआरएम 12 व्होल्टचे साधारण एका व्होल्टपर्यंत रूपांतर करतो. त्यावर हीटसिंक नसलेल्या स्वस्त बोर्डावर सोळा कोअरचा प्रोसेसर बसवला, की बोर्ड तापतो आणि प्रोसेसरचा वेग उतरतो. प्रोसेसरचे सॉकेट आणि रॅम हेही आधीच जुळवून पाहावे: एएमडीच्या एएम5 बोर्डावर डीडीआर5 रॅमच चालते, तर इंटेलच्या एलजीए 1700 सॉकेटचे बोर्ड डीडीआर4 चेही मिळतात आणि डीडीआर5 चेही.

रॅमची एकच मोठी पट्टी घेण्यापेक्षा सारख्या दोन पट्ट्या बऱ्या; वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर हा फरक अधिकच जाणवतो. एसएसडीत एम.2 आकार म्हणजे एनव्हीएमई असे नव्हे. त्याच आकारात साटा एसएसडीही मिळते आणि ती सेकंदाला सुमारे 550 मेगाबाइटपुढे जात नाही. जेन 3 ची, म्हणजे तिसऱ्या पिढीची, एनव्हीएमई 3,500 पर्यंत पोचते, जेन 4 ची 7,000 पर्यंत. पण रोजच्या कामात या दोघींतला फरक क्वचितच कळतो. तिथे वाचलेले पैसे एसएमपीएसकडे वळवावेत.

कॅबिनेटवरचे रंगीत दिवे काही महिन्यांनीही बसवता येतात. सेकंडहँड घ्यायचेच झाले तर प्रोसेसर किंवा रॅम घ्यावी, एसएमपीएस कधीच नाही. आणि खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरची असो की ऑनलाइन, जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर आहे ना, ते पैसे देण्याआधी तपासावे.