आवा
आवा म्हणजे मातीची भांडी भाजण्याची कुंभाराची भट्टी. आव्यात वाळलेली कच्ची भांडी रचून गोवऱ्या, लाकूड, पालापाचोळा यांच्या जाळावर ती भाजतात. भांड्यात ओल राहिल्यास वाफेने ते फुटते. म्हणून आरंभी आच मंद ठेवतात. सुमारे ६०० अंश सेल्सियस तापमानापर्यंत मातीच्या कणांशी रासायनिकरीत्या बद्ध असलेले पाणी निघून जाते. अशा पक्क्या भांड्याचा पुन्हा चिखल होत नाही. हवा भरपूर मिळाल्यास मातीतील लोहामुळे भांडे तांबडे होते. धूर कोंडल्यास काळे पडते.

पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथील उत्खननात ताम्रपाषाणयुगीन कुंभारभट्टी आढळली. भाजलेले खापर मातीत विरत नाही. म्हणूनच जोर्वे संस्कृतीच्या वसाहती आज खापरांवरून ओळखता येतात.