ट्रक ड्रायव्हर घडवायचा खर्च कोणाचा?

आपल्या एमएच-१७ पासिंगच्या गाड्या कांदा घेऊन कुठंकुठं जातात. त्या चालवणारा कुठं शिकला? बहुधा किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून गाडीवर चढलेला असतो. टायर बघायचे, ताडपत्री बांधायची आणि उस्तादाची मर्जी असली तर रिकाम्या रस्त्यावर स्टेअरिंग धरायचं. फी नाही, पगारही जेमतेम. शिक्षणाची किंमत त्या पोरानं आपल्या उमेदीच्या वर्षांनी चुकवलेली असते.

आता कायदा बघा. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानं व्यावसायिक वाहनाला वय २० पूर्ण लागतं. शिवाय हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर हातात हवा, घरात चारचाकी असो वा नसो! १ जुलै २०२१पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले. जड वाहनासाठी सहा आठवड्यांत ३८ तास, सिम्युलेटर, ट्रॅक, दोन एकर जागा. तिथं उत्तीर्ण झाल्यावर आरटीओची चाचणी माफ. एवढा पसारा उभारायला पैसा लागतो, म्हणून केंद्र सरकार अशा संस्थांना अनुदान देतं.

कोणी म्हणेल, धंदा ट्रान्सपोर्टवाल्याचा, खर्च त्यानं करावा. पण शिकवलेला ड्रायव्हर दोन पैसे जास्त मिळाले की दुसऱ्याच्या गाडीवर जातो, मग मालक कशाला शिकवेल? आणि त्या शिक्षणाचा खरा लाभार्थी नगर-मनमाड रस्त्यावर ट्रकच्या पुढं असलेला मोटारसायकलवाला आहे. त्याच्याकडून फी कशी घेणार? म्हणून हा खर्च करातून व्हावा, हे मला पटतं.

प्रश्न आहे तो त्या पैशातून काय विकत घ्यायचं हा. मराठीत आपण म्हणतो, ‘गाडीची माहिती आहे’ आणि ‘गाडी येते’. गिल्बर्ट राईल या तत्त्वज्ञानं १९४९मध्ये पुस्तक लिहून हाच फरक मांडला. आपल्या आज्ज्या पोहण्याबद्दल तो रोज मांडत होत्या. भरलेली गाडी चंदनापुरी घाटात ब्रेक तापू न देता गिअरमध्ये उतरवणं हे ‘येणं’ आहे. ३८ तासांत त्याची सुरुवात होते, इतकंच. पुढचे महिने उस्तादाशेजारी बसून जातात, आणि तिथं अनुदान पोचत नाही.

वाट नाही असं नाही. २०१६च्या शिकाऊ उमेदवार योजनेत केंद्रानं विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना कमाल १५०० रुपये, उचलायचं ठरवलं. पण एका गाडीचा मालक ती कागदपत्रं कुठं करत बसेल? हंगामात ऊसवाहतुकीचे करार साखर कारखानेच करतात. किन्नरांची शिकाऊ म्हणून नोंदणी त्यांनी केली तर?