येलदरी मुक्काम, चारठाण्यात पायपीट

दोघांनाच दोन दिवस कुठंतरी निवांत जायचंय? पावसाळा सरताना जिंतूर तालुका गाठा. आम्ही दोघं दरवर्षी जातो.

पहिला दिवस येलदरीचा. पूर्णा नदीवरचं हे धरण 1968 साली पूर्ण झालं. पायथ्याशी जलविद्युत केंद्र आहे, क्षमता 22.5 मेगावॅट. वीज करून सुटलेलं पाणी खाली सिद्धेश्वर धरणात अडतं आणि तिथून कालव्यांनी शेतात जातं. एकच पाणी दोनदा कामी येतं, हे मला फार आवडतं. दरवाजे उघडले असतील तर लांबूनच बघा, नदीपात्रात उतरू नका.

दुसरा दिवस मात्र पूर्ण चारठाण्याला द्या. गाडी वेशीबाहेर ठेवा आणि चालत सुटा. गल्लीबोळातून जाताना अचानक उंच, सुटा उभा कोरीव दगडी स्तंभ समोर येतो. जवळ जाऊन नक्षीचे थर खालून वर बघत जा, मान दुखेल पण थांबावंसं वाटणार नाही. गोकुळेश्वराचं मंदिर आणि तिथली बारव चुकवू नका. बारवेच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, एकमेकांचा हात धरूनच उतरा.

वेळ उरलाच तर जिंतूरजवळ नेमगिरीची जैन लेणी आहेत. पाणी आणि टोपी सोबत ठेवा.