पहिल्या तीन मॅचवरून प्लेअर काढायचा का? फॅन्टसी टीमचं साधं गणित

हा एपिसोड ऐकणाऱ्या बऱ्याच जणांनी कळवलं की आकडे फार पटापट गेले, म्हणून या वेळी सगळं नीट लिहून देतोय. एपिसोड ऐकला नसेल तरी चालेल, इथून सुरू करा.

प्रश्न आला होता सेनगाव तालुक्यातल्या एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटमधून. "दादा, माझा ओपनर पहिल्या तीनही मॅचमध्ये फेल गेला. काढू का ठेवू?" एवढाच प्रश्न. पण आयपीएलच्या पहिल्या दहा दिवसांत हिंगोलीपासून वसमतपर्यंत प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर हेच चाललेलं असतं. एक जण म्हणतो फॉर्म गेला, दुसरा म्हणतो क्लास पर्मनंट. दोघांकडेही पुरावा तोच, तीन स्कोअर.

उत्तरासाठी आपल्याच महाराष्ट्राचा प्लेअर घेऊ. ऋतुराज गायकवाड. कारण या विषयावर त्याच्याइतकं चांगलं उदाहरण मला तरी दुसरं सापडत नाही.

२०२० मध्ये चेन्नईकडून त्याच्या पहिल्या तीन इनिंग: ०, ५, ०. २०२१ च्या पहिल्या तीन: ५, ५, १०. २०२२ च्या पहिल्या तीन: ०, १, १. बेरीज करा. तीन सीझन, नऊ इनिंग, एकूण २७ रन. म्हणजे इनिंगमागे तीन रन. असा प्लेअर तुमच्या टीममध्ये असता तर तुम्ही काय केलं असतं, खरं सांगा.

आता त्याच तीन सीझनमधल्या उरलेल्या इनिंग बघा. २०२० मध्ये पुढच्या तीन: नाबाद ६५, ७२, नाबाद ६२. २०२१ मध्ये चौथ्या मॅचला कोलकात्याविरुद्ध ६४, आणि सीझन संपला तेव्हा ६३५ रन आणि ऑरेंज कॅप. डु प्लेसीपेक्षा फक्त दोन रन जास्त. २०२२ मध्ये गाडी जरा उशिरा सुटली, गुजरातविरुद्ध ७३, मग हैदराबादविरुद्ध ९९, एकूण ३६८. तिन्ही सीझनच्या पहिल्या तीन-तीन इनिंग सोडल्या तर २७ इनिंगमध्ये ११८० रन उरतात. इनिंगमागे जवळजवळ ४४.

एका बाजूला ३, दुसऱ्या बाजूला ४४. माणूस तोच, बॅट तीच.

इथे लगेच कुणीतरी म्हणणार, "म्हणजे ऋतुराज स्लो स्टार्टर आहे, चौथ्या मॅचपासून घ्यायचा." २०२२ नंतर हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की विचारू नका. ज्यांनी ते पाळलं त्यांचं २०२३ मध्ये काय झालं? ३१ मार्च २०२३, सीझनची पहिलीच मॅच, गुजरातविरुद्ध ५० बॉलमध्ये ९२. पुढच्या मॅचला लखनौविरुद्ध ५७. तिसऱ्या मॅचला मुंबईविरुद्ध नाबाद ४०. तीन इनिंगमध्ये १८९. स्लो स्टार्टरची थिअरी वानखेडेवरच संपली.

काय होतं ना, आकडे आधी बघून मग नियम बनवला की तो मागच्या आकड्यांवर फिट्ट बसतोच. आमच्या कामात याला ओव्हरफिटिंग म्हणतात. टेस्ट केसेस बघून कोड लिहिला तर टेस्ट पास होणारच, प्रॉडक्शनमध्ये मात्र पडतो.

उलटं उदाहरणही पाहिजे. २३ मार्च २०२५, ईशान किशन हैदराबादकडून पहिल्यांदा खेळला आणि राजस्थानविरुद्ध ४७ बॉलमध्ये नाबाद १०६ ठोकले. त्या रात्री ज्यांच्या टीममध्ये तो नव्हता ते सगळे त्याला आणायला पळाले, काहींनी थेट कॅप्टन केला. पुढच्या तीन इनिंग: ०, २, २. पूर्ण सीझन ३५४ रन, म्हणजे शतक सोडलं तर बाकी तेरा मॅचमध्ये २४८. वाईट नाही, पण पहिल्या रात्री वाटलं होतं तसंही नाही.

मग पहिल्या मॅचेसकडे बघायचंच नाही का? बघायचं, पण वजन ठरवून.

यासाठी एक जुनी, भारी गोष्ट सांगतो, आणि ती बेसबॉलची आहे. फॅन्टसी हा प्रकारच तिकडून आला. १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी बेसबॉलची लीग सुरू केली आणि ज्या रेस्टॉरंटमध्ये ते जेवायला जमायचे त्याच्या नावावरून तिला रोटिसरी लीग म्हणू लागले. पण मला सांगायचंय ते त्याच्या तीन वर्षं आधीचं. १९७७ मध्ये ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये एक लेख लिहिला. त्यांनी १९७० च्या सीझनमधले १८ बॅटर घेतले आणि प्रत्येकाच्या फक्त पहिल्या ४५ संधी बघितल्या. प्रश्न आपलाच: एवढ्यावरून उरलेल्या सीझनचा अंदाज कसा बांधायचा?

सरळ रस्ता म्हणजे ज्याने जे केलं तेच तो पुढे करेल असं धरायचं. त्यांनी तसं केलं नाही. सगळ्या अठरा जणांची मिळून सरासरी काढली, ती आली ०.२६५, आणि प्रत्येकाचा आकडा त्या सरासरीकडे ओढला. वर असलेल्याला खाली, खाली असलेल्याला वर. सीझन संपल्यावर तुलना केली तर चुकांच्या वर्गांची बेरीज सरळ रस्त्यापेक्षा साधारण साडेतीन पट कमी निघाली.

मजेशीर भाग पुढे आहे. त्या यादीत सगळ्यात वर होता रॉबर्टो क्लेमेंटे, ४५ पैकी १८ हिट, म्हणजे ०.४००. पद्धतीने त्याला ओढून ०.२९ च्या आसपास आणलं. उरलेल्या सीझनमध्ये तो प्रत्यक्षात ०.३४६ ने खेळला. म्हणजे ०.४०० टिकलं नाही हे बरोबर, पण पद्धतीने त्याला जरा जास्तच खाली खेचलं. कारण गणिताला फक्त ४५ संधी दिसत होत्या. क्लेमेंटेने त्याआधी चार वेळा लीगमध्ये सर्वाधिक बॅटिंग ॲव्हरेज काढलेलं होतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. स्टार प्लेअरला सगळ्यांच्या सरासरीकडे ओढायचं नसतं, त्याच्या स्वतःच्या जुन्या रेकॉर्डकडे ओढायचं असतं.

आता हे आपल्या टीमला लावू. मोबाईलचा कॅल्क्युलेटर पुरेसा आहे. प्लेअरचा जुना इनिंगमागचा स्कोअर घ्या आणि त्याला काही इनिंगचं वजन द्या. मी १५ धरतो. हा १५ आकाशातून पडलेला नाही आणि पवित्रही नाही, तुम्ही १२ किंवा २० धरा. समजा एका ओपनरचा जुना आकडा ४० आहे आणि या सीझनला तीन इनिंगमध्ये मिळून २० रन झालेत. १५ गुणिले ४० म्हणजे ६००, अधिक २०, झाले ६२०. भागिले १८. उत्तर साधारण ३४. म्हणजे तीन फेल इनिंगनंतर तुमचा अंदाज ४० वरून ३४ वर यायला पाहिजे, ७ वर नाही. दुसरीकडे २८ चा जुना आकडा असलेल्या प्लेअरने पहिल्याच मॅचला १०६ मारले तर ४२० अधिक १०६, भागिले १६, साधारण ३३. आता हे दोन आकडे शेजारी ठेवा, ३४ आणि ३३. ग्रुपवर एकाला शिव्या चालू आहेत आणि दुसऱ्याच्या नावाने फटाके, आणि पुढच्या मॅचसाठी दोघे जवळजवळ सारखे!

नवीन पोराचं वेगळं असतं. जुना डेटाच कमी, त्यामुळे वजन १५ ऐवजी ५-६ धरा, मग पहिल्या मॅचेस जास्त बोलतात. पण त्यातही फसगत होते. आपल्या मराठवाड्याचा, तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर आठवतो? २०२३ च्या त्याच पहिल्या मॅचला आयपीएल पदार्पण, ३६ रन देऊन ३ विकेट. आपल्याकडे काय आनंद झाला होता! त्या सीझनला त्याला एकूण दोनच मॅच मिळाल्या. बॉलिंग चांगली होती, जागा पक्की नव्हती. आणि २०२४ चा मयंक यादव, पहिल्या दोन मॅचमध्ये तीन-तीन विकेट, दोन्ही वेळा प्लेअर ऑफ द मॅच, १५६.७ चा स्पीड. तिसऱ्या मॅचला एक ओव्हर टाकून बाहेर गेला. पूर्ण सीझनला चार मॅच, सात विकेट. त्याचा फॉर्म शंभर टक्के खरा होता, शरीराने साथ दिली नाही.

म्हणून मी पहिल्या तीन मॅचमध्ये रनपेक्षा रोल बघतो. रन यायला नशीब लागतं, रोल मात्र पहिल्याच दिवशी कळतो. बॅटर कितव्या नंबरवर आला? बॉलरला चारही ओव्हर मिळतात का, शेवटच्या ओव्हर त्याला देतात का? इम्पॅक्ट प्लेअरचा नियम २०२३ मध्ये आल्यापासून हे आणखी महत्त्वाचं झालंय, कारण काही जण फक्त अर्धी मॅच खेळतात. २०२५ च्या सुरुवातीला ऋतुराज ओपनिंग सोडून तीन नंबरवर आला, ही माहिती त्याच्या ५३ किंवा ० पेक्षा मोठी होती. त्या वर्षी पाच मॅचनंतर कोपराच्या दुखापतीने तो बाहेरच गेला, ते कुठल्याच गणितात बसत नाही.

तिकडच्या बेसबॉलवाल्यांचा 'थांबा आणि वाट बघा' हा सल्ला मात्र जसाच्या तसा उचलू नका. त्यांच्याकडे प्रत्येक टीम १६२ मॅच खेळते, तीन मॅच म्हणजे काहीच नाही. आपल्याकडे लीग स्टेजला १४ असतात. तीन मॅच म्हणजे पाचवा हिस्सा गेला. थांबण्याची किंमत इथे जास्त आहे. सीझनभराच्या लीगमध्ये ट्रान्सफर मोजकेच असतील तर प्लेअर ठेवा, पण कॅप्टनचा डबल पॉइंट तात्पुरता दुसऱ्याला द्या. माझ्या मते हा सगळ्यात स्वस्त बदल आहे, आणि लोक नेमका तोच सोडून थेट प्लेअर काढतात.

आता पैशांचं. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्राचा कायदा आला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली, आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद झाले. ड्रीम इलेव्हननेही पैशांचे कॉन्टेस्ट बंद केले. तरी टेलिग्रामवर "शुअर टीम, फक्त ४९ रुपये" वाले फिरतातच, आणि पहिल्या आठवड्यात तर जास्तच. त्यांची ट्रिक समजून घ्या. दहा ग्रुपना दहा वेगळ्या टीम द्यायच्या, एक तरी लागतेच, मग त्या एकाचा स्क्रीनशॉट सगळीकडे टाकायचा. उरलेल्या नऊ ग्रुपचे मेसेज डिलीट. तीन मॅच सलग बरोबर सांगणारा 'एक्स्पर्ट' हा तीन मॅच सलग चाललेल्या बॅटरसारखाच असतो, फक्त त्याचा जुना रेकॉर्ड तुम्हाला कधी दिसत नाही. आणि पैसे लावायचं ॲप एपीके फाईलने इन्स्टॉल करा असं कुणी सांगितलं तर टीमचं सोडा, आधी बँकेचं ॲप वाचवा.

सेनगाववाल्या दादांसाठी: तुमच्या प्लेअरचा बॅटिंग नंबर बदललेला नाही, इंजुरीची बातमी नाही, मागचे दोन सीझन चांगले गेलेत. ठेवा. कॅप्टन बदला. सहा मॅचनंतरही हेच चाललं तर परत व्हॉइस नोट पाठवा, तेव्हा गणित पुन्हा करू. फक्त पाठवताना रनसोबत किती बॉल खेळला तेही सांगा, त्याशिवाय मला काही सांगता येणार नाही.