६१७४ : कापरेकर स्थिरांकाचे गणिती स्वरूप

प्रस्तावना :
देवळाली येथील शाळेत अध्यापन करणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी ६१७४ या संख्येचा एक गुणधर्म शोधून तो १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. पदव्युत्तर पदवी नसलेल्या या शिक्षकाच्या कार्याची दखल मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील सदरात घेतली आणि ते नाव जगभर पोहोचले. आपल्याकडे मात्र ६१७४ चा परिचय बहुधा 'जादूची संख्या' असाच करून दिला जातो. त्यामुळे विद्यार्थ्यांचे कुतूहल जागे होते हे खरे; परंतु या जादूमागे अकरावीच्या विद्यार्थ्यालाही झेपेल अशी सिद्धता आहे, ही महत्त्वाची बाब झाकली जाते.

प्रक्रिया :
सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी आणि येणाऱ्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतल्यास ९५१० - ०१५९ = ९३५१ आणि पुढे अनुक्रमे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ व ६१७४ ही उत्तरे मिळतात. त्यानंतर ७६४१ - १४६७ = ६१७४; म्हणजे प्रक्रिया तेथेच स्थिरावते. येथे सात पायऱ्या लागल्या. सातपेक्षा अधिक पायऱ्या कोणत्याही संख्येला लागत नाहीत.

एक अट वर्गात हमखास विसरली जाते. २१११ - १११२ = ९९९ हे उत्तर ०९९९ असे चार अंकीच धरावे लागते; अन्यथा पुढील वजाबाकी शून्य येते.

सिद्धता :
उतरत्या क्रमातील अंक अ, ब, क, ड मानल्यास वजाबाकी ९९९(अ - ड) + ९०(ब - क) इतकी येते. म्हणजे उत्तर चार अंकांवर नव्हे, तर केवळ दोन फरकांवर अवलंबून असते. अ - ड = क्ष आणि ब - क = य मानू. क्ष चे मूल्य १ ते ९ आणि य चे ० ते क्ष असल्याने एकूण जोड्या २ + ३ + ... + १० = ५४ होतात. हजारो संख्यांचा प्रश्न पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांवर येतो. ती सर्व ९ ने विभाज्य असतात. अंकांचा क्रम दुर्लक्षिल्यास त्यांचे केवळ ३० प्रकार उरतात. हे ३० प्रकार हाताने तपासता येतात व ती तपासणी हीच पूर्ण सिद्धता होय. स्वतःकडेच परतणारी जोडी एकच आढळते : क्ष = ६, य = २; आणि ५९९४ + १८० = ६१७४.

मर्यादा :
हा गुणधर्म दशमान लेखनपद्धतीशी निगडित आहे, संख्येच्या अंगभूत स्वरूपाशी नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. पण त्यामुळे सिद्धतेचे मूल्य उणावत नाही. याउलट ६१७४ = २ × ३² × ७³ हे अवयव कोणत्याही लेखनपद्धतीत तेच राहतात. अंकसंख्या बदलली की चित्र पालटते. तीन अंकी संख्या ४९५ वर स्थिरावतात. दोन अंकी संख्या ०९, ८१, ६३, २७, ४५ या चक्रात फिरत राहतात. पाच अंकांसाठी असा एकही स्थिरांक नाही; तेथे तीन स्वतंत्र चक्रे आढळतात आणि त्यांपैकी सर्वांत लहान चक्र ५३९५५ व ५९९९४ या दोनच संख्यांचे आहे.